थंडीत झाड गारठ्यानं कमी, पाण्यानं जास्त मरतं

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी कुंडीतली जास्वंद मान टाकून उभी दिसते. पानं लोंबलेली, बुडाकडची दोन-चार पिवळी. बघणाऱ्याला वाटतं तहानली असेल, आणि तांब्याभर पाणी पडतं. दुसऱ्या दिवशीही तेच दिसतं, म्हणून अजून एक तांब्या. आठ-दहा दिवसांनी खोडाच्या बुडाला हात लावला तर साल निसटते आणि मातीला आंबूस वास येतो. मग सगळे म्हणतात, थंडीनं गेली.

खरं तर झालेलं असतं वेगळंच. जास्वंद, मोगरा, अडेनियम, कढीपत्ता ही सगळी उबेतली झाडं. रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास आला की त्यांची मुळं मंदावतात. माती ओली असली तरी त्यांना पाणी ओढता येत नाही. दुपारी मात्र आपल्याकडे मराठवाड्यात चांगलं ऊन असतं, हवा कोरडी असते, त्यामुळे पानांतून पाणी उडत राहतं. वर खर्च चालू आणि खाली आवक बंद, म्हणून पानं लोंबतात. अशा वेळी ओतलेलं पाणी मातीतली हवा बाहेर ढकलतं, मुळं गुदमरतात आणि कुजवणारी बुरशी लागते. म्हणून पान लोंबलेलं दिसलं की आधी तांब्या नाही, बोट. दोन इंच आत ओल लागली तर पाणी घालायचं नाही. कुंडी उन्हाच्या जागी सरकवायची आणि दोन-तीन दिवस थांबायचं.

आपली थंडी कशी असते

मराठवाड्याची थंडी कोकणासारखी दमट नाही आणि हिमाचलसारखी बर्फाचीही नाही. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब सरळ आभाळाकडे सोडून देते, अडवायला ढग नसतात. वारा पडलेला असेल तर गार हवा जड होऊन सखल जागी साचते. म्हणून एकाच गावात माळावरच्या घरापेक्षा ओढ्याकाठच्या घरातली झाडं आधी करपतात. परभणीत तर काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. पण त्याच दिवशी दुपारी २८ अंश असू शकतात. चोवीस तासांत वीसहून जास्त अंशांचा हा झोका झाडाला नुसत्या गारठ्यापेक्षा जास्त जड जातो.

म्हणूनच थंड देशांतल्या बागांचे व्हिडिओ बघून इथे काम करायला घेतलं की घोटाळा होतो. तिथे जमीन गोठते, गोठलेली माती फुगून मुळं वर उचलते, म्हणून ते लोक कंद उपटून घरात ठेवतात आणि बारमाही झाडांची खोडं जमिनीलगत कापून वर पेंढा घालतात. आपली जमीन गोठत नाही. डेलिया बघा. तिकडे डेलियाचे कंद थंडीपासून वाचवायला काढतात. आपल्याकडे डेलिया लावतोच सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो थंडीत फुलतो आणि कंद काढायचे ते उन्हाळ्यापासून वाचवायला, मार्च-एप्रिलमध्ये. आपली कर्दळही उपटायची गरज नाही. फुलून गेलेला दांडा बुडातून कापला की झालं.

झोपणारी, थबकणारी आणि जागणारी

कामाला लागण्याआधी अंगणातल्या झाडांची मनाशी तीन गटांत विभागणी करून घ्यावी. खत, पाणी, छाटणी सगळं त्यावरच ठरतं.

झोपणारी म्हणजे कंदवाली: हळद, सोनटक्का, कळलावी, निशिगंध. यांचा पाला पिवळा पडून वाळतो, आणि नवशिक्या माणूस घाबरून पाणी वाढवतो. हिंगोली-वसमतकडच्या हळदकऱ्याला विचारलं तर तो हसेल. पाला वाळणं ही त्याच्यासाठी काढणीची खूण आहे. अंगणातल्या कंदांचंही तसंच. पाला निम्मा पिवळा झाला की पाणी निम्म्यावर आणायचं, पूर्ण वाळला की बंद. निशिगंधाचे कंद दाटले असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत काढून, माती झाडून, सावलीत पसरून ठेवावेत आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा लावावेत. लावायला सुपारीपेक्षा मोठे, दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे निवडा. बारक्या कंदांना पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानंच येतात.

थबकणारी म्हणजे जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, अडेनियम, इक्झोरा, क्रोटन. यांची पानं बहुधा राहतात (अडेनियमची गळूही शकतात), पण वाढ थांबते. सगळ्यात जास्त चुका याच गटात होतात, कारण झाड हिरवं दिसतं आणि माणसाला वाटतं त्याला खायला-प्यायला हवं.

जागणारी म्हणजे गुलाब, शेवंती, जरबेरा, डेलिया. यांना ही थंडी मानवते. यांचं पाणी-खत चालू ठेवायचं. गुलाबाला आणि अडेनियमला एकाच ओळीत ठेवून एकाच नळीनं पाणी देणाऱ्याच्या घरी दोघांपैकी एक दुःखी असतोच.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत

पहिलं काम कुंडीच्या बुडाचं. पावसाळ्यात बारीक माती खाली बसून भोक बुजलेलं असतं. कुंडीत अर्धा लिटर पाणी ओतून बघा. मिनिट-दोन मिनिटांत खालून झिरपायला लागलं तर ठीक. वर तळं साचून राहिलं तर खालून काडी किंवा जाड खिळा घालून भोक मोकळं करा आणि कुंडीखाली विटेचे दोन तुकडे ठेवा. खाली ताटली असेल तर थंडीपुरती काढून टाका.

थबकणाऱ्या झाडांचा युरिया आणि नत्रवाली खतं ऑक्टोबरच्या मध्यापासून बंद. नत्रानं कोवळी फूट येते आणि पहिला कडाका तिच्यावरच बसतो. आणखी एक: घरोघरी चुलीची किंवा बंबाची राख कुंडीत टाकायची सवय आहे. आपल्या काळ्या मातीत आधीच चुना आणि क्षार जास्त, त्यात बोअरचं पाणी जड. राखेनं ते आणखी वाढतं आणि नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं लोहाच्या कमतरतेचं चित्र दिसायला लागतं. राख भांडी घासायलाच बरी.

जमिनीतल्या झाडांना भेगांचा त्रास असतो. काळी माती वाळताना उकलते आणि भेगेत सापडलेली बारीक मुळं तुटतात. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, खुरप्यानं वरची दोन इंच माती हलकी करून भेगा बुजवाव्यात. मग सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट, उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला, जे मिळेल त्याचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची. आच्छादन खोडाला टेकलं की साल कुजते, आणि वाळवीला वर चढायला झाकलेली वाट मिळते. थर देण्याआधी झाडाच्या मानानं मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळावी.

गुलाबाची छाटणी, आणि मोरचुदाचा लेप

गुलाबाची वर्षातली मोठी छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. ऑक्टोबर हिट ओसरायला लागलेली असते आणि कडाका लांब असतो. छाटणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांत फूल येतं, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. नोव्हेंबरअखेर छाटलं तर डोळे (फांदीवरचे कोंब) फुटतात, पण गारठ्यात रेंगाळतात.

छाटणीच्या आधी जमिनीतल्या झाडाचं पाणी आठवडाभर तोडा, कुंडीतल्याचं तीन-चार दिवस. मग सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार लावून आधी मेलेल्या काड्या, पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या आणि आतल्या बाजूला वाढून एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा. कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा असेल तर मुळासकट ओढून काढा, तो जंगली खुंटाचा असतो आणि सगळं खाऊन टाकतो. उरलेल्या चार-पाच दमदार फांद्या जमिनीपासून दीड-दोन फुटांवर कापायच्या. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे दव डोळ्यावर ओघळत नाही. गावठी गुलाबाला एवढी कात्री लावू नका. त्याचे शेंडे आणि वाळलेलं लाकूड काढलं की पुरे.

कापलेल्या टोकांतून बुरशी उतरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. त्यावर बोर्डो पेस्ट हा जुना आणि खात्रीचा उपाय. घरच्यापुरती अशी करा. प्लॅस्टिकच्या एका डब्यात अर्धा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) रात्रभर भिजत घाला. दुसऱ्या डब्यात १०० ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात विरवा. विरताना तो उकळतो, तोंड लांब ठेवा. थंड झाल्यावर पाणी अर्धा लिटर करून गाळून घ्या. मग दोन्ही पाणी तिसऱ्या डब्यात एकाच वेळी ओतत काडीनं ढवळायचं. रंग आकाशी निळा येतो. आता स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर त्यात बुडवून बाहेर काढा. खिळ्यावर तांबूस थर दिसला तर पेस्ट आम्ल आहे, तशीच लावली तर साल भाजेल. थोडी चुन्याची निवळी घालून परत खिळा बुडवा. खिळा कोरा निघाला की ब्रशनं लावा. पेस्ट त्याच दिवशी संपवायची. हातमोजे घाला, लोखंडी किंवा पितळी भांडं वापरू नका, आणि वापरलेले डबे परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

छाटणीनंतर १२ इंची कुंडीला दोन-तीन मुठी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते. नवी फूट आली की पानांवर पिठासारखी भुरी दिसते, कारण गार रात्र आणि कोरडा दिवस तिला फार मानवतो. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर फवारावं. निंबोळी तेलाच्या आगेमागे पंधरा दिवस गंधक मारू नका, पानं भाजतात.

बाकीच्यांचं थोडक्यात

मोगऱ्याला थंडीत उपाशी ठेवणं हीच सेवा. जालन्याकडे मोसंबीला आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडून ताण देतात, तेच तत्त्व. डिसेंबरपासून मोगऱ्याचं पाणी अगदी कमी करा, काही पानं गळू द्या. जानेवारीच्या शेवटी दीड फुटावर छाटून, उरलेली पानं काढून, शेणखत देऊन पाणी सुरू करा. वर्षभर ज्याच्या मोगऱ्याला नुसती हिरवी पानं असतात, त्यानं बहुधा हा ताणच दिलेला नसतो.

शेवंतीला रात्र मोठी लागते, तरच कळी धरते. रस्त्यावरचा दिवा किंवा व्हरांड्यातला बल्ब रात्रभर तिच्यावर पडत असेल तर ती नुसती वाढत राहते. जागा बदला. फुलं संपली की झाड वितभर ठेवून कापा, बुडातून येणारे मुनवे फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळे लावता येतात.

अडेनियमची पानं गळाली म्हणजे पाणी जवळजवळ बंद. १० इंची कुंडीला पंधरा दिवसांतून पेलाभर, तेही दुपारी. बुडाचा गड्डा दाबून बघत राहा. टणक असेल तर छान, थोडा सुरकुतला तरी चालतो, पण मऊ लागला तर लगेच उपटून कुजका भाग स्वच्छ पांढरा गाभा दिसेपर्यंत कापा, बुरशीनाशक लावून आठ-दहा दिवस सावलीत वाळवा, मग कोरड्या मातीत बसवा.

तुळशीचं लग्न लागलं की तुळस उतरायला लागते, असं सगळ्यांनाच दिसतं. निम्मं कारण मंजिऱ्या. बी धरल्यावर झाडाचं आयुष्य संपत येतं, म्हणून मंजिरी हिरवी असतानाच खुडा. उरलेलं कारण वृंदावनातच असतं: रोजचं पाणी, वरून दूध, खोडाशी पणती. पाण्याचा नैवेद्य चमचाभर करा आणि पणती हातभर लांब ठेवा, श्रद्धेत काही कमी होत नाही.

कढीपत्ता आणि जास्वंद यांना फेब्रुवारीपर्यंत कात्री लावूच नका.

पाणी किती आणि कधी

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी सातला बर्फगार असतं. तेच मुळांवर ओतलं तर मंदावलेली मुळं आणखी आखडतात. बोअरचं थेट पाणी पहाटेही कोमट लागतं, ते मिळालं तर उत्तम. नाहीतर दहा-अकराला, टाकी उन्हानं तापल्यावर पाणी द्यावं. अडेनियम आणि मोगरा सोडून बाकीच्या थबकणाऱ्या झाडाच्या १० इंची कुंडीला चार-पाच दिवसांतून अर्धा लिटर पुरतं. गुलाब-शेवंतीला एक दिवसाआड, तेवढंच. पण बोट घालून बघितल्याशिवाय हे आकडे पाळू नका. सिमेंटची कुंडी, प्लॅस्टिकची कुंडी आणि मातीची कुंडी वेगवेगळ्या वेगानं वाळतात.

इथे एक प्रश्न हमखास येतो: थंडीची लाट आली की शेतकऱ्यांना रात्री पिकाला हलकं पाणी द्यायला सांगतात, मग कुंडीला का नाही? कारण शेतात खालची जमीन अथांग आहे. ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते आणि रात्रभर हळूहळू सोडते, शिवाय विहिरीचं पाणीच कोमट असतं. कुंडीत माती असते बादलीभर, आणि तिच्या चारी बाजूंनी गार हवा. संध्याकाळी ओली केलेली कुंडी पहाटेपर्यंत गारगार होते. म्हणून जमिनीतल्या झाडाला कडाक्याच्या रात्री हलकं पाणी चालेल, कुंडीला संध्याकाळनंतर थेंबही नको.

कडाक्याची रात्र

दुपारनंतर वारा पडला, आभाळ काचेसारखं निवळ झालं आणि हवामान खात्याचा अंदाज ८ अंशांखालचा असेल, तर त्या रात्री झाकायचं. कुंड्या दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला चिकटवून, एकमेकींना खेटून ठेवा. दिवसभर तापलेली भिंत रात्री शेक देते. नाजूक झाडं आत, दणकट बाहेर.

झाकायला जुनी सुती साडी, धोतर किंवा बारदान. चार तुराट्या रोवून त्यावर कापड टाकायचं, पानांना टेकू द्यायचं नाही, आणि कडा जमिनीला लागल्या पाहिजेत. आपण झाडाला पांघरूण घालत नसतो, जमिनीतून वर येणारी ऊब अडवत असतो. वरून बांधलेल्या पिशवीसारखं झाकण म्हणूनच फुकट जातं. प्लॅस्टिक टाळा: जिथे ते पानाला टेकतं तिथे पान करपतं, आणि सकाळी काढायला उशीर झाला तर आत झाड शिजतं. सूर्यास्ताच्या सुमारास झाकून, सकाळी साडेआठ-नऊला ऊन आल्यावर काढायचं.

नवीन लावलेल्या आंब्याच्या कलमाला पहिली दोन वर्षं कडब्याची किंवा पऱ्हाटीची छोटी खोपच करावी. तीन बाजू आणि माथा झाकलेला, आग्नेयेची बाजू उघडी, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि उत्तरेचं वारं अडतं.

महाशिवरात्रीनंतर

शिव शिव करत थंडी गेली की झाडाझडती घ्यायची. करपलेली पानं आणि काळे शेंडे तोवर झाडावरच राहू द्यायचे. ते दिसायला वाईट असतात, पण खालच्या डोळ्यांना आडोसा देतात, आणि लवकर कापलं तर फूट घाईनं येऊन पुन्हा करपते. आता फांदीची साल नखानं हलकेच खरवडा. खाली हिरवं ओलसर लागलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी कोरडं लागलं तर चार बोटं खाली पुन्हा खरवडा, हिरवं लागेपर्यंत खाली या आणि तिथे कापा. जास्वंद कधीकधी पार बुडाशी हिरवी निघते आणि तिथूनच नव्यानं उठते, त्यामुळे वरून वाळलेली दिसली म्हणून उपटू नका.

नवी फूट बोटभर झाल्यावर खत सुरू करायचं, आधी नाही. थंडीत काही झाडांची पानं जांभळट झालेली असतात. ती स्फुरद (फॉस्फरस) ओढता न आल्याची खूण, मातीत नसल्याची नव्हे, तेव्हा डीएपीसारखं स्फुरदाचं खत टाकायची घाई नको. ऊब आली की नवी पानं आपसूक हिरवी येतात. पाणीही एकदम न वाढवता दर आठवड्याला थोडं थोडं वाढवावं.

आणि जे झाड खरंच कुजून गेलं, त्याच्या कुंडीतली माती लगेच दुसऱ्या झाडाला देऊ नये. ती पसरून, ओलवून, वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा मातीनं दाबून टाकाव्यात आणि एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे तशीच तापू द्यावी. कुजवणारी बुरशी त्या तापात बरीचशी मरते, आणि मृगापर्यंत माती पुन्हा लावणीला तयार होते.